हंगाम कुठे संपतो? कार्लाइल १९१२ आणि ९७ यार्डांची एक धाव

मागच्या वर्षी मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा खर्डा गाइडना दिला. त्यातल्या एका वाक्यावर मी फार खूश होतो. वाक्य असं होतं: '९ नोव्हेंबर १९१२ रोजी आर्मीविरुद्धच्या सामन्यात जिम थॉर्पची ९२ यार्डांची धाव पेनल्टीमुळे रद्द झाली, पुढच्याच खेळीत तो ९७ यार्ड धावला आणि त्याने टचडाउन केला.' वाक्याला तीन तळटिपा होत्या. तीन संदर्भ आहेत म्हणजे काम पक्कं, असं मला वाटत होतं.

मॅडमनी वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "हे तीन साक्षीदार आहेत, की एकच साक्षीदार तीन वेशांत?"

मला आधी रागच आला. मग शोधायला बसलो आणि पुढचे दोन महिने त्यातच गेले. वाक्य प्रबंधातून गेलं, पण त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो ते सांगण्यासाठी ही पोस्ट. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता सिनॉप्सिस लिहीत असतील, लिटरेचर रिव्ह्यूच्या फायली भरत असतील. मी केली ती चूक तुम्हीही कराल, कारण ती आळसामुळे होत नाही. गोष्ट आवडली म्हणून ती होते.

आधी ओळख

आपल्या मनात 'फुटबॉल' म्हटलं की जो खेळ येतो, तो हा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळता येतं, आणि चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावं लागतं. चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. त्यानंतर लाथेने चेंडू गोलाच्या दांड्यांमधून मारला की आणखी एक गुण. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळतं.

कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल ही पेनसिल्व्हेनिया राज्यातली सरकारी निवासी शाळा. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ती एका जुन्या लष्करी छावणीत सुरू केली. देशभरातल्या मूलनिवासी जमातींची मुलं घरापासून शेकडो मैल दूर इथे आणायची, त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, भाषा बंद करायची आणि त्यांना 'सुसंस्कृत' करायचं, असा हा कार्यक्रम. मुलांमधला 'इंडियन' मारून माणूस वाचवायचा, हे प्रॅटचं धोरण होतं आणि त्याने ते जाहीरपणे मांडलंही होतं. शाळेच्या दफनभूमीत १८० हून अधिक कबरी होत्या. तिथले अवशेष त्या त्या जमातींकडे परत देण्याचं काम अमेरिकन लष्कराने २०१७ मध्ये सुरू केलं.

या शाळेचा फुटबॉल संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, सिराक्यूज अशा विद्यापीठांशी खेळायचा. म्हणून अमेरिकन क्रीडा इतिहासात त्याची नोंद 'कॉलेज फुटबॉल'मध्ये होते. पण कार्लाइल कॉलेज नव्हतंच. तिथे अर्धा दिवस जुजबी शालेय शिक्षण आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, छपाई असं चालायचं. तुमच्या विषयातही अशी एखादी संज्ञा असेल, जी सगळे वापरतात आणि जी मुळात बसत नाही. अशी संज्ञा सापडली तर ती वहीत टिपून ठेवा, तिथून पुढे बरंच काही निघतं.

१९१२ चा हंगाम हा या संघाचा सर्वात गाजलेला. प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर. कर्णधार जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं जिंकून तो आला होता. १४ सामने, १२ विजय, एक पराभव, एक बरोबरी. केलेले गुण ५०४, दिलेले ११४.

आधी बेरीज करा

५०४ हा आकडा प्रत्येक पुस्तकात आहे आणि तो बरोबर आहे. मी सगळे निकाल मांडून बेरीज केली, ती जुळते. पण बेरीज जुळली म्हणजे काम झालं असं नाही, हेही तिथेच कळलं.

पहिले चार सामने ऑलब्राइट, लेबनन व्हॅली, डिकिन्सन आणि व्हिलानोव्हा यांच्याशी होते. ५०, ४५, ३४ आणि ६५. म्हणजे ५०४ पैकी १९४ गुण आसपासच्या लहान कॉलेजांविरुद्ध, घरच्या मैदानावर किंवा घराजवळ. त्यानंतर ५ ऑक्टोबरपासून २८ नोव्हेंबरपर्यंतचे दहाच्या दहा सामने बाहेरगावी. शनिवारी २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी, आणि सोमवारी २८ तारखेला थेट कॅनडात टोरांटोला. मध्ये एक रविवार, तोही प्रवासात.

टोरांटोचा निकाल ४९-१ असा नोंदवलेला आहे. हा १ बघून मी अडलो. अमेरिकन नियमांत सुटा एक गुण मिळवता येत नाही, तो टचडाउननंतरच मिळतो. मग कळलं, की या सामन्याचा काही भाग कॅनडाच्या नियमांनी खेळला गेला होता, आणि त्या नियमांत एक गुणाची सोय आहे. म्हणजे त्या प्रसिद्ध ५०४ मधले ४९ गुण दोन वेगवेगळ्या खेळांच्या मिश्रणातून आलेले आहेत!

आणखी एक गोष्ट. १९१२ मध्येच नियम बदलले होते. टचडाउनचे गुण पाचाचे सहा झाले, प्रयत्न तीनाचे चार झाले, मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आलं. त्यामुळे 'आधीच्या हंगामांपेक्षा कार्लाइलने १९१२ मध्ये कितीतरी जास्त गुण केले' असं वाक्य लिहिताना मोजपट्टीच बदललेली आहे, हे सांगावं लागतं. थॉर्पच्या वैयक्तिक आकड्यांचंही तेच. बहुतेक पुस्तकं २५ टचडाउन आणि १९८ गुण देतात. पण अमेरिकेत कॉलेज फुटबॉलची अधिकृत आकडेवारी १९३७ पासून ठेवली जाते. त्याआधीचे आकडे नंतरच्या लोकांनी वर्तमानपत्रांतून वेचून जमवलेले आहेत. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते जमवलेले आहेत, आणि जमवणाऱ्याने काय वगळलं हे बघावं लागतं.

मला या तक्त्यात दिसलेली सर्वात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. संघाने दिलेल्या ११४ गुणांपैकी ९९ गुण २६ ऑक्टोबरपासूनच्या सात सामन्यांत गेले. पहिल्या सात सामन्यांत मिळून फक्त १५. मुलं थकली होती का? शक्य आहे. पण प्रतिस्पर्धीही बदलले होते, तेव्हा इतक्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. एवढं मात्र विचारता येतं, की शाळकरी मुलांचा संघ जवळजवळ आठ आठवडे सतत रेल्वेत का होता? उत्तर साधं आहे. मोठ्या शहरांत तिकिटांचे पैसे मिळायचे. हा धागा हातात ठेवा, पुढे लागेल.

९७ यार्ड

आता माझं लाडकं वाक्य.

आर्मी म्हणजे वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीचा संघ. कार्लाइलने हा सामना २७-६ असा जिंकला. २७ गुण कसे झाले? चार टचडाउनचे २४, आणि टचडाउननंतरच्या लाथांचे ३. टचडाउनपैकी तीन ॲलेक्स आर्कासाने केले, एक जो बर्गीने. तीन लाथा थॉर्पच्या. झाली बेरीज. थॉर्पच्या ९७ यार्डांच्या टचडाउनला यात जागाच उरत नाही.

मी हे गणित केलं त्या रात्री थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. पाचवीतला मुलगा करेल अशी बेरीज होती आणि मी ती केली नव्हती. माझ्या तीन संदर्भांपैकी दोन तिसऱ्यावरून उतरलेले होते, आणि तो तिसरा सामन्यानंतर कितीतरी दशकांनी लिहिलेला.

मग ही गोष्ट आली कुठून? थॉर्पची एक लांब धाव पेनल्टीमुळे रद्द झाली, एवढा भाग त्या काळच्या वृत्तांतात आहे. बाकीचं सांगता सांगता वाढलं. वाढलेला भाग किती सुबक आहे बघा. ९२ यार्डांची धाव रद्द, पाच यार्डांची पेनल्टी, म्हणून पुढची धाव ९७ यार्डांची. आकडे एकमेकांना आधार देतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की इतकं नेमकं कोण कशाला रचेल? अचूक आकडा दिसला की आपण पुरावा मागायचं विसरतो.

अशीच दुसरी गोष्ट ड्वाइट आयझेनहॉवरची. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर त्या दिवशी आर्मीकडून खेळत होता. थॉर्पला पाडताना त्याचा गुडघा गेला आणि त्याचं फुटबॉल संपलं, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. गुडघा दुखावला हे खरं, पण तो पुढच्या आठवड्यातल्या टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यात. गोष्टीला दोन मोठी माणसं समोरासमोर हवी होती, म्हणून दुखापत एक आठवडा अलीकडे आली.

यात नुकसान कोणाचं झालं? आर्कासाचं. तो वायव्येकडच्या कोलव्हिल राखीव प्रदेशातला मुलगा. देशातल्या एका गाजलेल्या सामन्यात त्याने तीन टचडाउन केले, आणि शंभर वर्षांनी पुण्यात बसून मी ते थॉर्पच्या नावावर लिहीत होतो. दुसऱ्या दिवशीच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या मथळ्यातच संघ 'थॉर्पचे इंडियन्स' झाला होता. मी फक्त तीच परंपरा पुढे नेत होतो.

सूडाची गोष्ट कोणाला हवी होती?

या सामन्याबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण वॉर्नरचं भाषण सांगतो. सामन्याआधी त्याने मुलांना म्हणे आठवण करून दिली, की समोरच्यांच्या बापजाद्यांनी तुमच्या बापजाद्यांशी लढाया केल्या आहेत, आज तुम्ही योद्धे आहात की नाही ते दिसेल. १८९० च्या वूंडेड नी इथल्या हत्याकांडाला तेव्हा २२ वर्षं झाली होती. म्हणून हा सामना त्या सगळ्याचा हिशेब होता, असं चित्र उभं राहतं.

वसाहतीचा इतिहास शिकत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे लगेच भिडतं. मलाही भिडलं. पण खोलीत वार्ताहर नव्हता. हे भाषण आपल्यापर्यंत आलं ते नंतरच्या आठवणींतून. त्यामुळे शब्दशः भाषण अवतरणचिन्हांत देऊन त्यावर प्रकरण उभं करणं धोक्याचं आहे.

आशय तरी जुळतो का ते पाहू. आयझेनहॉवरचे वडील सैनिक नव्हते, कॅन्सासमधल्या एका दुग्धालयात नोकरी करत होते. दुसऱ्या बाजूला थॉर्प ओक्लाहोमातला, सॅक अँड फॉक्स जमातीचा. क्वार्टरबॅक गस वेल्च आणि जो गायन हे ओजिब्वे, एक विस्कॉन्सिनचा, दुसरा मिनेसोटाचा. पॉवेल नॉर्थ कॅरोलायनातला चेरोकी. पीट कॅलॅक कॅलिफोर्नियाचा, लुइसेन्यो जमातीचा. वूंडेड नी इथे मारले गेले ते लकोटा. यांच्या भाषा वेगळ्या, सरकारशी झालेले करार वेगळे, दुःखांचे इतिहास वेगळे. या सगळ्यांना एकच 'इंडियन' भूतकाळ देऊन टाकणं हे मूळ शाळेचंच काम होतं. सूडाची कथा सांगणारा लेखक मुलांच्या बाजूने बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण वर्गवारी तो शाळेचीच वापरतो.

याचा अर्थ मुलांच्या मनात असं काही नव्हतं, असा मी अजिबात काढत नाही. डेव्हिड वॉलेस ॲडम्स यांचा २००१ मधला 'मोअर दॅन अ गेम' हा लेख जरूर वाचा. याच फुटबॉलचा अर्थ प्रॅटला एक, प्रेक्षकांना दुसरा आणि खेळाडूंना तिसरा कसा होता, हे त्यांनी नीट उलगडून दाखवलंय. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. मुलांच्या मनात काय होतं हे वॉर्नरच्या तोंडून ऐकू नका.

कारण हा हंगाम आपल्याला मुख्यतः वॉर्नरच्याच तोंडून ऐकू येतो. १९३१ मध्ये त्याने कोलियर्स साप्ताहिकात कार्लाइलच्या आठवणी लिहिल्या. १९५१ मध्ये थॉर्पवर चित्रपट आला, 'जिम थॉर्प: ऑल-अमेरिकन'. थॉर्पच्या भूमिकेत गोरा नट बर्ट लँकेस्टर होता हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट, चित्रपटाचा निवेदकच वॉर्नर आहे. थॉर्पच्या गौरवाच्या मेजवानीत उभा राहून तो थॉर्पचं आयुष्य सांगतो आणि आपण ते त्याच्या नजरेने बघतो.

खुद्द थॉर्पच्या सहीचं एक प्रसिद्ध पत्र आहे. जानेवारी १९१३ मध्ये, हंगाम संपून दोन महिने होत नाहीत तोच, थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता ही बातमी फुटली. त्यावर त्याने पत्र लिहिलं, की मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला या गोष्टी कळत नव्हत्या. त्याची ऑलिम्पिक पदकं गेली. हे पत्र घडवण्यात वॉर्नरचा हात होता, असं चरित्रकार मानतात. डेव्हिड मॅरेनिस यांचं २०२२ मधलं थॉर्पचरित्र 'पाथ लिट बाय लाइटनिंग' या बाबतीत वॉर्नरला मुळीच सोडत नाही. पत्रावर सही थॉर्पची आहे, शिक्षा थॉर्पला झाली, आणि प्रशिक्षक सुखरूप राहिला. पत्र हे प्राथमिक साधन आहे म्हणून लगेच खुश होऊ नका. सही कोणाची आणि शब्द कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

फेब्रुवारी १९१४

आता माझा मुख्य आक्षेप. २००७ मध्ये या विषयावर दोन लोकप्रिय पुस्तकं आली: सॅली जेंकिन्स यांचं 'द रिअल ऑल अमेरिकन्स' आणि लार्स अँडरसन यांचं 'कार्लाइल व्हर्सस आर्मी'. दोन्ही वाचनीय आहेत, दोन्हींमागे मेहनत आहे, आणि विषयात शिरायला ती चांगली आहेत. पण दोन्हींचा ओढा त्या एका शनिवारकडे आहे. अँडरसन यांच्या पुस्तकाचं तर नावच तो सामना. थॉर्प, आयझेनहॉवर आणि वॉर्नर या तिघांची आयुष्यं ९ नोव्हेंबरला एका मैदानावर आणून भिडवायची, अशी त्याची रचना आहे. त्यानंतर जे येतं ते साहजिकच उत्तरार्ध वाटतं, कळस होऊन गेलेला असतो.

तक्त्यात बघितलं तर तो हंगामाचा शेवटही नाही. पुढच्याच शनिवारी हा संघ फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाकडून ३४-२६ असा हरला. मग स्प्रिंगफील्डला ३०-२४ असा कसाबसा जिंकला. गोष्टीत याला जागा कमी मिळते, कारण कळसानंतर हरणं शोभत नाही.

पण मला वाटतं, हंगाम नोव्हेंबरमध्येही संपला नाही. तो संपला फेब्रुवारी १९१४ मध्ये, आणि मैदानावर नाही.

आर्मीला हरवणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्च. त्याच्या पुढाकाराने शाळेतल्या दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांनी सह्या करून चौकशीची मागणी केली. सरकारी निरीक्षक आला, आणि त्यामागोमाग काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने कार्लाइलमध्येच साक्षी घेतल्या. त्या साक्षी शब्दशः छापल्या गेल्या आहेत आणि आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी त्या सलग वाचल्या. फुटबॉलच्या कुठल्याही पुस्तकाने मला इतकं हलवलं नव्हतं.

जेवण पुरत नाही, पाव कमी मिळतो, अशा तक्रारी आहेत. अठरा वर्षांच्या एका मुलीला शाळेच्या बँडमास्तरने मारल्याची हकीकत आहे. आणि फुटबॉलचा हिशेब आहे. सामन्यांचे पैसे सरकारी तिजोरीत न जाता ॲथलेटिक असोसिएशनच्या स्वतंत्र खात्यात जायचे आणि त्या खात्यावर वॉर्नरचा ताबा असायचा. त्यातून खेळाडूंना सूट, ओव्हरकोट आणि 'कर्ज' या नावाखाली रोख रक्कम मिळायची. ज्या खेळाडूंना हौशी म्हणून मिरवलं जात होतं, त्यांना! म्हणजे थॉर्पची पदकं ज्या तत्त्वापायी गेली, ते तत्त्व शाळेच्या खातेवहीत आधीच मोडलेलं होतं. त्याच निधीतून वार्ताहरांनाही पैसे गेल्याचं चौकशीत निघालं. आता मागे जाऊन आपल्या साधनांकडे बघा. 'समकालीन वृत्तपत्र' म्हणून ज्यांच्यावर आपण विश्वास टाकतो, त्यातल्या काहींचं बिल वॉर्नरच्या खात्यातून चुकतं होत होतं.

वेल्चने साक्षीत सांगितलं, त्याचा आशय असा: वॉर्नर चांगला प्रशिक्षक आहे, पण तत्त्व नसलेला माणूस आहे. मुलांना शिवीगाळ होते असंही समोर आलं. ज्या माणसाने म्हणे खोलीत योद्ध्यांचं भाषण दिलं, त्याच माणसाबद्दल त्याचा क्वार्टरबॅक जाहीर साक्षीत हे बोलत होता.

सुपरिंटेंडंट मोझेस फ्रीडमन यांना पद सोडावं लागलं. वॉर्नर १९१५ मध्ये पिट्सबर्गला गेला आणि तिथेही यशस्वी झाला. शाळा १९१८ मध्ये बंद पडली. वेल्च पुढे कायदा शिकला, प्रशिक्षकही झाला.

आता तुम्ही मला अडवाल, आणि अडवायलाच हवं. साक्षी तरी निर्मळ असतात का? नसतात. फ्रीडमनला घालवू पाहणारे लोक शाळेतच होते, आयोगाचं स्वतःचं राजकारण होतं, प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराची दिशा ठरवली होती. वेल्चचाही वैयक्तिक राग असू शकतो. ९७ यार्डांना लावली तीच चाळणी इथेही लावायची. फरक इतकाच, की इथे मुलं स्वतःच्या नावाने, शाळेत राहत असताना, शिक्षेची भीती असताना बोलतायत. वीस वर्षांनी साप्ताहिकात लिहिलेली आठवण आणि ही साक्ष, दोन्हींचं वजन सारखं नाही.

सूडाच्या कथेला जे सिद्ध करायचं असतं, म्हणजे ही मुलं मुकाट बसणारी नव्हती, ते इथे सिद्ध होतं. पण फुटबॉलचा इतिहास लिहिणारा माणूस हा कागद उघडतच नाही, कारण त्याच्या मते नोव्हेंबर १९१२ मध्ये हंगाम संपलेला असतो. मीही उघडला नव्हता. माझ्या खर्ड्यात प्रकरण थॉर्पच्या धावेवर संपत होतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'कालखंड' या रकान्यात आपण दोन वर्षं टाकून मोकळे होतो. ती दोन वर्षं कोणी ठरवली हे एकदा स्वतःला विचारा. बऱ्याचदा ती आधीच्या पुस्तकांनी ठरवलेली असतात आणि त्यांची निकड गोष्ट रंगवण्याची असते. तुमचा विषय संप असेल, नाट्यसंस्था असेल, शाळा असेल. ती घटना 'संपल्यावर' वर्षा-दोन वर्षांत कुठे चौकशी झाली का, कोर्टात काही गेलं का, हिशेब तपासले गेले का, ते बघा. ज्यांना घटनेच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं, ती माणसं अशा कागदांत बोलताना सापडतात.

दुसरं, संदर्भ मोजू नका, त्यांचे मूळ शोधा. तळटिपेची तळटीप बघत मागे जा. तिन्ही वाटा एकाच विहिरीपाशी गेल्या तर तुमच्याकडे एकच संदर्भ आहे.

तिसरं, बेरीज करा. खरंच कागद-पेन्सिल घेऊन करा.

कार्लाइलबद्दल काही वाचायचं असेल तर डिकिन्सन कॉलेजने शाळेची कागदपत्रं डिजिटल करून सर्वांना खुली केली आहेत. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक फायलीही त्यात आहेत. शाळेचं साप्ताहिक 'द कार्लाइल ॲरो' विद्यार्थीच छापायचे, मात्र त्यावर नजर प्रशासनाची असायची, हे लक्षात ठेवून वाचा. इथून बसून, एक रुपया खर्च न करता, त्या मुलांच्या फायली उघडता येतात. काहींमध्ये दोनच कागद आहेत, आल्याचा आणि गेल्याचा.

प्रकरणाचा नवा खर्डा मागच्या महिन्यात दिला. त्यात आर्कासाचे तीन टचडाउन आहेत, पेनसिल्व्हेनियाकडून झालेला पराभव आहे, आणि प्रकरण दोनशेहून जास्त सह्यांच्या त्या अर्जावर संपतं. थॉर्पची धाव तळटिपेत गेली. मॅडमनी यावेळी समासात एवढंच लिहिलं, "अर्जावरच्या सह्यांमध्ये फुटबॉल न खेळणारे किती?"

आता ते मोजतोय.